गिलावा न केलेली इमारत

मंडळी, या शनिवारी कोड नाही, करिअर नाही, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकवरही काही नाही. आज इमारतींबद्दल. त्यातही अशा इमारतींबद्दल, ज्यांच्याकडे बघून आपल्यातले दहापैकी नऊ जण म्हणतात, "हे काय, सरकारी गोदाम आहे का?"

करडं काँक्रीट. रंग नाही, गिलावा नाही, काच जेवढ्यास तेवढी. भिंतीवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ तसेच उमटलेले. खांब, तुळया, पाण्याचे पाइप, सगळं उघड्यावर. या शैलीला ब्रुटलिझम म्हणतात. नाव ऐकून वाटतं की लोकांवर क्रूरपणा करण्यासाठीच कुणीतरी हे शोधून काढलं असावं. पण शब्दाचं मूळ फ्रेंच आहे: 'बेताँ ब्रूत', म्हणजे कच्चं काँक्रीट, जसं ओतलं तसंच ठेवलेलं. ल कॉर्ब्युझिएची मार्सेयमधली मोठी निवासी इमारत १९५२ साली पूर्ण झाली, तिथून हे प्रकरण गाजायला लागलं. पुढे १९५५ मध्ये रेनर बॅनम या इंग्रज समीक्षकाने 'न्यू ब्रुटलिझम' असा लेखच लिहिला आणि नाव चिकटलं. दरम्यान कॉर्ब्युझिए चंडीगडला येऊन पोचला होता, त्यामुळे आपल्याकडेही ही लाट फार उशिरा आली असं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. विज्ञान आणि इंजिनिअरिंग शिकवायची इमारत अशीच असावी, स्वतः कशी उभी आहे ते न लपवणारी. निदान आमच्या धाराशिव जिल्ह्यात तरी. का, ते सांगतो. रस्ता जरा लांबचा आहे, कानपूरमार्गे.

कोकणातला माणूस, कानपूरचं काँक्रीट

अच्युत कानविंदे हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मी इंजिनिअरिंगची चार वर्षं पूर्ण करेपर्यंत एकदाही ऐकलं नव्हतं. १९१६ साली आचऱ्यात जन्मलेला माणूस. (आचरा म्हणजे आजचा सिंधुदुर्ग, तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा.) मुंबईच्या जेजे स्कूलमधून वास्तुकला शिकला आणि नंतर सीएसआयआरमध्ये लागला. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, पण स्वतंत्र झाल्यावर प्रयोगशाळा लागणार हे काही लोकांना कळत होतं. मग १९४५ मध्ये या तरुणाला सरकारने हार्वर्डला पाठवलं. तिथे त्याचे शिक्षक होते वॉल्टर ग्रोपियस, बाउहाउसचे संस्थापक. १९४७ मध्ये कानविंदे परत आले आणि सीएसआयआरच्या प्रयोगशाळांच्या कामाला लागले. विज्ञानासाठी इमारत कशी बांधायची, हा त्यांच्या शिक्षणाचाच विषय होता. १९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्यासोबत स्वतःची फर्म काढली आणि १९५९ मध्ये त्यांच्याकडे आयआयटी कानपूरचं काम आलं.

तिथले पहिले संचालक कोण? पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. म्हणजे उत्तर प्रदेशातल्या त्या माळावर एक कानविंदे आणि एक केळकर. आपण मराठी माणसाच्या पराक्रमाच्या गप्पा मारतो तेव्हा अटकेपार जातो आणि तिथेच थांबतो. हे कानपूरचं प्रकरण त्यात येत नाही, कारण त्यात घोडे नाहीत.

कानविंद्यांनी तिथे काय केलं? काँक्रीटचा सांगाडा उघडा ठेवला आणि मधल्या जागेत विटा भरल्या, त्याही उघड्याच. वजन कुठून येतं आणि कुठून खाली उतरतं ते बाहेरून बोट ठेवून दाखवता येतं. शैक्षणिक इमारती एकमेकींना छत असलेल्या लांबलचक मार्गांनी जोडल्या, आणि हे मार्ग दोन पातळ्यांवर. वरून चालायचं, खाली सावली. गाड्या बाहेर. कानपूरचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला कळेल की ही निव्वळ हौस नव्हती.

आणि आपल्या धंद्याशी थेट संबंध असलेली गोष्ट: १९६३ मध्ये याच संस्थेत आयबीएम १६२० हा कॉम्प्युटर आला, आणि विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर शिकवण्याची सुरुवात देशात ज्या ठिकाणी झाली त्यांत कानपूर अगदी पुढे होतं. नारायण मूर्तींनी एमटेक तिथूनच केलं, १९६९ साली. आज आपण ज्या काचेच्या टॉवरांमध्ये बसून कोड लिहितो, त्या धंद्याची एक मुळी या उघड्या काँक्रीटमधून निघालीय. गंमत आहे की नाही?

"गिलावा राह्यलाय जणू"

नानांच्या मुलाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, तिथे एमटेकला प्रवेश मिळाला. त्याला सोडायला नाना निघाले, आणि हिंदी बोलायला कुणीतरी हवं म्हणून मला बरोबर घेतलं. नाना लोहारा तालुक्यातले. धंद्याने गवंडी, नंतर मिस्त्री, आता छोटी कामं अंगावर घेतात. साठीला आलेत, पण नजर अजून ओळंब्यासारखी सरळ.

कॅम्पसमध्ये शिरल्यावर नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका इमारतीसमोर थांबून म्हणाले, "एवढी मोठी संस्था, आन् गिलावा राह्यलाय जणू. पैसा संपला का?"

मी म्हटलं, "नाना, मुद्दाम ठेवलंय तसं. डिझाइनच आहे."

"मुद्दाम?" मग ते जवळ गेले. भिंतीवरून हात फिरवला. कोपरा डोळ्यासमोर धरून वरपर्यंत पाहिला. फळ्यांचे सांधे कुठे आलेत ते बघितलं. पाच मिनिटांनी आले आणि म्हणाले, "मग हे काम लई अवघड आहे बाळा. आमच्याकडं सेंट्रिंग वाकडी झाली, काँक्रीटमधी पोकळी राहिली, तर गिलाव्यात जिरवतोत. गिलावा म्हणजे मिस्त्रीचं पांघरूण. इथं पांघरूणच नाही. जे ओतलं ते जन्मभर दिसणार."

वास्तुकलेच्या पुस्तकांत 'मटेरियलचा प्रामाणिकपणा' असा एक जड शब्दप्रयोग असतो. नानांनी तो दोन वाक्यांत संपवला. उघड्या काँक्रीटला साधी भिंत बांधण्यापेक्षा कमी कौशल्य लागतं असं आपल्याला वाटतं, पण प्रकार बरोबर उलटा आहे. फळी चांगली लागते, सांधा घट्ट लागतो, व्हायब्रेटर नीट फिरवावा लागतो, पाणी वेळेवर मारावं लागतं. कारण दुरुस्तीची संधी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर थेट प्रॉडक्शनवर टाकलेला कोड, आणि तोही कायम सगळ्यांना वाचायला खुला.

परतीच्या गाडीत नाना दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत होते. त्यासाठी आता कानपूर सोडून आमच्या गावाकडे यावं लागेल.

भिंतीच्या आत काय होतं

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनानंतर दमून झोपलेली गावं. रिश्टर, तीव्रता वगैरे तुम्हाला माहीत असेल, साधारण ६.२. जगाच्या हिशेबाने हा काही महाभयंकर आकडा नाही. जपानमध्ये एवढ्या धक्क्यात क्वचितच कुणी दगावतं. आमच्याकडे हजारो माणसं गेली. किल्लारीचं नाव जगाला कळलं, ते लातूर जिल्ह्यात. पण आमच्या जिल्ह्यातही सास्तूर आणि आजूबाजूची गावं तशीच जमीनदोस्त झाली. माझा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला, त्यामुळे मी जे सांगतो ते ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं.

माणसं भूकंपाने मेली नाहीत, घरांनी मेली. हे वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण घरांनी म्हणजे नेमकं कशाने?

आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. भिंत काळ्या दगडाची, दोन-अडीच फूट जाड, बाहेरून बघितली तर किल्ल्यासारखी. पण ही भिंत एक नसायचीच. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मधे माती नि खडीचा भराव. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड अधूनमधून घालायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी नव्हताच. जोडायला चुना किंवा सिमेंट नाही, चिखल. वर माळवदावर दर काही वर्षांनी मातीचा नवा थर, पाऊस गळू नये म्हणून. असं करत करत फूटभर, कुठे त्याहून जास्त माती डोक्यावर. जमीन हलली तेव्हा दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, भिंत फुगून फुटली आणि वरची माती खाली आली. झोपलेल्या माणसावर दगड पडले आणि त्यावर माती.

नाना तेव्हा पंचविशीत होते. ढिगारे उपसायला गेलेले. रेल्वेत ते म्हणाले, "भिंती बघितल्या ना बाळा, समोरून एकेक दगड घडवून बसवलेला. आत नुसता कचरा. बांधणाराला म्हाईत होतं. राहणाराला न्हाई."

मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. दगड कमकुवत नव्हता. माणसं आळशी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या आहे त्या पैशात, आहे त्या मजुरीत घरं उभी केली. पण ती भिंत आपण काय आहोत हे सांगत नव्हती. बाहेरून एक, आत दुसरंच. आणि तिच्यात राहणाऱ्याला ते तपासायचा काही मार्ग नव्हता.

दगडाला दोष देणाऱ्यांनी एकदा नळदुर्गला जाऊन यावं. तुळजापूर तालुका, म्हणजे सास्तूरपासून काही फार लांब नाही. तोच काळा बेसॉल्ट. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात एक महाल केला, पाणी महाल. पावसाळ्यात पाणी वरून धबधबत असतं आणि तुम्ही आत कोरडे उभे. नर-मादी धबधबा बघायला आपण सगळे जातो, सेल्फी काढतो, भजी खातो, पण तिथे थांबून बघा: दगड घडवलेला, सांधा चुन्याचा, पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार ते उघड. बंधारा कसा काम करतो हीच त्याची शोभा आहे. वर वेगळी सजावट करायची गरज कुणाला पडली नाही. चारशे वर्षांपूर्वी त्याला ब्रुटलिझम म्हणत नव्हते एवढंच.

सिमेंटवरचा विश्वास

भूकंपानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या हिशेबाने घरं मिळाली: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं. माझं बालपण अशाच एका गावात गेलं. माझ्या आजीला स्लॅबखाली झोपायचा धीर व्हायला काही वर्षं लागली. ती अंगणात पत्र्याखाली झोपायची. मग हळूहळू विश्वास बसला. आमच्या पिढीसाठी तर आरसीसी म्हणजे घर आणि दगड-माती म्हणजे मरण, असं समीकरणच झालं.

पण हा विश्वास आंधळा आहे, आणि म्हणून मला त्याची भीती वाटते. काँक्रीट हे काही तावीज नाही. पाणी जास्त घातलेलं, सळईला कव्हर न ठेवलेलं, तीन दिवस पाणी मारून सोडून दिलेलं काँक्रीट वरून गिलावा आणि डिस्टेंपर लावला की छान दिसतं. २००१ मध्ये भूज हललं तेव्हा अहमदाबादसारख्या दूरच्या शहरात आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या. म्हणजे आमच्या माळवदाची जी गोष्ट होती तीच, फक्त चिखलाच्या जागी सिमेंट. बांधणाराला माहीत, राहणाराला नाही.

आता इथे ब्रुटलिझमचा मुद्दा माझ्यासाठी शैलीचा राहत नाही. ज्या जिल्ह्यात न दिसणाऱ्या आतल्या भागाने माणसं मारली, त्या जिल्ह्यातल्या मुलांनी तरी अशा इमारतीत शिकावं जिच्यात खांब कुठला, तुळई कुठली, भार कुठून उतरतो, पाणी कुठून वाहतं हे डोळ्यांना दिसतं. स्ट्रक्चरचा पहिला धडा वर्गात शिरायच्या आधी, जिन्यातच मिळावा.

असं कुणी केलंय का? केलंय. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे. जयंत नारळीकरांनी उभी केलेली संस्था, १९८८ ची, आणि वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. ती काटेकोर अर्थाने ब्रुटलिस्ट नाही, हे मान्य. पण तिथेही भिंत आहे ती आपल्याच काळ्या दगडाची, आणि इमारतच शिकवायला लागते: पृथ्वी फिरते हे दाखवणारा फुकोचा लंबक, अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन. पुण्यात राहून ज्यांनी ती पाहिली नाही, त्यांनी राष्ट्रीय विज्ञान दिनाला सर्वांसाठी उघडते तेव्हा तरी जावं. मॉल कुठे पळून जात नाही.

"पण दिसतं भयंकर, त्याचं काय?"

आता आक्षेप. मी मित्रांशी यावर इतक्यांदा वाद घातलाय की सगळे पाठ झालेत.

पहिला: कुरूप दिसतं. हो, काही दिसतात. कॉर्ब्युझिएची नक्कल करून, कारण न समजता ओतलेले ठोकळे देशभर आहेत, आणि मी त्यांची वकिली करत नाही. पण आपल्याला जे कुरूप वाटतं त्यातलं बरंचसं काँक्रीट नसतं, हयगय असते. तुंबलेल्या पन्हळीमुळे उतरलेले काळे ओघळ, शेवाळ, भिंतीवर नंतर ठोकलेले एसी, लोंबणाऱ्या केबल. चाळीस वर्षं हात न लावलेली काचेची इमारत कशी दिसेल? आपल्याकडे तेवढ्या जुन्या फार नाहीत म्हणून कळत नाही.

दुसरा: मराठवाड्यात ४२ अंशांत काँक्रीट तापतं. बरोबर. जाड काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्री सोडतं. पण म्हणून तर कानविंद्यांसारख्या लोकांनी खिडक्या आत घेतल्या, छज्जे बाहेर काढले, व्हरांडे केले. त्यांची मेहसाण्याची दूधसागर डेअरी बघा, १९७० च्या दशकातली. छतावर काँक्रीटची उंच धुराडी दिसतात. ती शोभेसाठी नाहीत. आतली गरम हवा वर निघून जावी म्हणून आहेत. यंत्रांच्या उष्णतेने इमारतीचा आकार ठरवला. याउलट पश्चिमेकडे तोंड केलेली काचेची भिंत आमच्या उन्हात लावली तर काय होतं? मी ज्या कॉलेजात शिकलो (नाव नको), तिथे समोरून निळी काच होती आणि आत आम्ही खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवून बसायचो. काच उघडत नव्हती आणि एसी फक्त प्राचार्यांना होता.

तिसरा आक्षेप जरा गंभीर आहे: उघडं काँक्रीट खराब होतं. होतंच. काँक्रीट मुळात अल्कलीधर्मी असतं आणि त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं झिरपत जातो, अल्कलीपणा कमी होतो, थर जातो, मग ओल मिळाली की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून वरचं काँक्रीट तडकून पडतं. गिलावा आणि रंग या प्रक्रियेला थोडं थोपवतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण उघड्या इमारतीत तडा पहिल्या दिवशी दिसतो. तांबूस ओघळ दिसला की कळतं, आत काम निघालंय. झाकलेल्या इमारतीत तो पाच-दहा वर्षांनी, तुकडा कुणाच्या तरी डोक्यात पडल्यावर दिसतो. आपण सगळे रात्री-बेरात्री ऑन-कॉल केलेले लोक आहोत. ओरडून बंद पडणारी सिस्टीम बरी की सगळं हिरवं दाखवत आतून डेटा खराब करणारी, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि झाकण्याच्या नव्या पद्धती तर अजून वेगळ्या. हल्ली जुन्या इमारतीला 'नवा लुक' म्हणजे एसीपीचे चकचकीत पत्रे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला असंच वरून क्लॅडिंग लावलं होतं. मूळ इमारत १९७० च्या दशकातली, काँक्रीटची. जून २०१७ मध्ये आग लागली ती त्या बाहेरच्या आवरणातून वर चढत गेली आणि ७२ माणसं गेली. काँक्रीटचा सांगाडा जळाल्यावरही उभा होता.

पाडायची घाई

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की या इमारती आता अडचणीच्या वयात आहेत. पन्नास-साठ वर्षं: जुन्या म्हणून जपाव्यात इतक्या जुन्या नाहीत, नव्या म्हणून मिरवाव्यात इतक्या नव्या नाहीत. दिल्लीच्या प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स हा राज रेवाल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज यांनी १९७२ साली उभा केला होता, काँक्रीटची अवाढव्य स्पेस फ्रेम. एप्रिल २०१७ मध्ये तो रातोरात पाडला. वारसा म्हणायला साठ वर्षं पूर्ण झालेली नव्हती! अहमदाबादच्या आयआयएममध्ये लुई कानच्या उघड्या विटांच्या वसतिगृहांचं तेच: डिसेंबर २०२० मध्ये १४ पाडायचं ठरलं, जगभरातून ओरडा झाल्यावर मागे घेतलं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा 'ठेवणं शक्य नाही' म्हणून जाहीर केलं. विटा झिजल्या, गळती आहे, भूकंपाचा धोका आहे, ही कारणं खोटी असतील असं मी म्हणत नाही. भूकंपाच्या जिल्ह्यातला माणूस ते कारण हसण्यावारी नेऊच शकत नाही. पण देखभाल दर वर्षी थोडी पुढे ढकलायची आणि पन्नास वर्षांनी 'आता पाडण्याशिवाय इलाज नाही' म्हणायचं, हा खेळ आपल्या धंद्यातही रोज चालतो. त्याला आपण रीराइट म्हणतो आणि त्याचं बजेट मागतो.

आमच्याकडे काय व्हावं

धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर २००४ पासून आहे. वैद्यकीय महाविद्यालय आलंय. पुढच्या दहा-वीस वर्षांत जिल्ह्यात प्रयोगशाळा, आयटीआय, कॉलेजं अशा बऱ्याच इमारती उभ्या राहतील, आणि त्यांचे 'प्रस्तावित' फोटो मला आत्ताच डोळ्यांसमोर दिसतात: निळी काच, चंदेरी पत्रा, समोर कारंजं आणि फोटोशॉपमधली पामची झाडं. पुण्यात-बंगलोरमध्ये बसलेल्या आमच्यासारख्या मुलांनाही गावात तसंच काहीतरी व्हावंसं वाटतं, कारण काच म्हणजे प्रगती हे आम्हीच गावात पोचवलंय.

मला वाटतं, एक तरी विज्ञानाची इमारत वेगळी व्हावी. सांगाडा उघडा. भराव आपल्या काळ्या दगडाचा, पण या वेळी सिमेंटमध्ये, आरपार जाणाऱ्या दगडांसकट, आणि भूकंपासाठीचा काँक्रीटचा पट्टा न रंगवता तसाच दिसणारा. भिंतीचा एक भाग मुद्दाम कापून काचेआड ठेवलेला, म्हणजे आत काय आहे ते पहिल्या वर्षाच्या पोराला कळेल. जाड छज्जे, खोल व्हरांडे, पावसाचं पाणी कुठून उतरतं आणि कुठे साठतं ते नळदुर्गसारखं उघड. खर्च? फळ्या चांगल्या लागतील, मिस्त्री चांगला लागेल. काच आणि पत्रा वाचेल. हिशेब कुणीतरी मांडून बघावा. मला तो फार बाहेर जाईलसं वाटत नाही.

नाना म्हणाले, "असं काम निघालं तर सांग. मजुरी कमी घेईन, पण सेंट्रिंग माझ्या पसंतीची."

असो. हे होईल न होईल. पण तुमच्यापैकी पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेजाचे माजी विद्यार्थी आहात, देणग्या देता, गावी गेल्यावर सत्कार होतो, संस्थाचालक तुमचं ऐकून घेतात. तिथे नवी इमारत होत असेल तर उद्घाटनाचा, फुगे लावलेला फोटो मागू नका. ज्या दिवशी सेंट्रिंग काढली, त्या दिवशीचा मागा, गिलाव्याच्या आधीचा. आणि तो बघायला एखाद्या जुन्या गवंड्याला सोबत घेऊन बसा.